मुधोळ कुत्रा फार ओढतो. कोणता व्यायाम करावा आणि कोणता पट्टा घ्यावा?

खानापूरहून आपण विचारले आहे की, वर्षाच्या मुधोळ कुत्र्याला फिरवताना खांदे आणि कंबर दुखते. माझ्या मते आधी पट्टा आणि दोरी बदलावी. मुधोळची मान लांब व डोके निमुळते असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. म्हणून रुंद, ओढ पडल्यावर ठराविक मर्यादेपर्यंतच आवळणारा मार्टिंगेल पट्टा किंवा छातीवर कडी असलेला हार्नेस घ्यावा आणि त्याला दीड-दोन मीटरची सपाट नायलॉन दोरी लावावी. आपोआप लांबणारी गुंडाळीची दोरी मला या जातीसाठी मुळीच योग्य वाटत नाही, कारण ससा दिसताच हा शिकारी कुत्रा क्षणात वेग घेतो आणि दोरी संपताच सारा झटका खांद्याला बसतो. दोरी मनगटाला गुंडाळू नये.

खांदे आणि कंबर बळकट होण्यासाठी आपण स्वतः व्यायाम आठवड्यातून 3 दिवस, मध्ये विश्रांती ठेवून करावा: बैठका आणि ओट्यावर हात टेकून जोर, प्रत्येकी 8 ते 10 चे 3 फेरे, आणि शेवटी दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन पाठ ताठ ठेवून चालणे. आपल्याकडच्या तालमींत जोर-बैठका शेकड्यांनी मोजतात, परंतु नवशिक्याने संख्येपेक्षा ठेवण जपावी. कळ पायात उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.