एप्रिलमधे बर्फ आणि पूर एकाच वेळी?

प्रश्न : मुलगा-सून न्यूजर्सीला असतात, एप्रिलमधे आम्ही दोघं तिकडे जाणारोत. काल फोनवर तो म्हणाला वादळ येतंय, वरच्या भागात बर्फ आणि आमच्याकडे पुराचा इशारा. एप्रिलमधे बर्फ कसा आणि दोन्ही एकदम कसं काय? खूप काळजी वाटतेय. (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, तो बरोबर सांगतोय. याला तिकडे नॉरईस्टर म्हणतात, समुद्रकिनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा तयार होतो आणि ईशान्येकडून जोरदार वारं अटलांटिकचं बाष्प आत ढकलतं, मग डोंगरात गारठा असतो तिथे बर्फ पडतो आणि खाली किनाऱ्याकडे तेच पाणी धो धो पाऊस होऊन येतं. त्यात एप्रिलचा बर्फ ओला, जड, फांद्या मोडतात, तारा तुटतात, लाइट जाते. आणि डोंगरात आधीचा बर्फ साठलेला असला आणि त्यावर पाऊस पडला की तोही वितळून नदीत, म्हणजे पाणी डबल.

२००७ चं बघा. १५ एप्रिलला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधे एका दिवसात ७.५७ इंच पाऊस झाला, म्हणजे साधारण १९२ मिलिमीटर, न्यूजर्सीत रॅरिटन नदीला पूर येऊन बाउंड ब्रुक गावात पाणी शिरलं, आणि त्याच वेळी वर उत्तरेला व्हर्माँट राज्याच्या डोंगरात बर्फ.

मुलाला एवढंच विचारा की घर नदीजवळ आहे का, बेसमेंटमधे (तळघरात) शिरलेलं पाणी बाहेर काढणारा पंप चालू आहे का, कारण लाइट गेली की तोही बंद पडतो. आणि कृपा करून पाण्यातून गाडी घालू नका म्हणावं, फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलून नेतं. तुम्ही जाताना स्वेटर, जाड मोजे नक्की घ्या, एप्रिल आहे म्हणून ठेवून जाऊ नका.