घुमट वाजवणारे यजमान आणि ख्यालाची मैफल

प्रश्न : लग्नाच्या वाढदिवशी यजमानांबरोबर दिवसभर बाहेर फिरावे आणि संध्याकाळी पणजीला कला अकादमीत ख्यालगायनाची मैफल ऐकून रात्री घरी परतावे, असा माझा बेत आहे. मी लग्नापूर्वी काही वर्षे गाणे शिकले आहे. यजमान चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आरत्यांना हौसेने घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवतात, पण शास्त्रीय गाणे आपल्याला कळत नाही, असे ठामपणे सांगतात. दिवसाची आखणी कशी करावी? आधी त्यांना रागांची थोडी माहिती करून द्यावी का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : रागांची माहिती मुळीच देऊ नये. वाढदिवसाच्या दिवशी आरोह-अवरोहाची शिकवणी कोणत्याही यजमानांना रुचणार नाही, आणि तुमच्या यजमानांना तिची गरजही नाही. शमेळ (काठीने वाजवायचे तालवाद्य) आणि झांजा यांच्या संगतीत जो माणूस घुमटाची लय न चुकता सांभाळतो, त्याला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणे म्हणजे काय हे शरीरातूनच ठाऊक असते. त्यांची अडचण लयीच्या संथपणात असावी, असा माझा तर्क आहे. विलंबित (संथ लयीच्या) एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरे व्हायला कधी कधी मिनिटभर लागते, आणि आरतीच्या ठेक्याला सरावलेल्या कानाला तेवढ्या अवधीत ताल हरवल्यासारखा वाटतो. म्हणून त्यांना एवढेच सांगावे की गायिकेकडे न पाहता तबलजीकडे पाहा आणि सम कुठे येते ते शोधा. जागाही तबलजीचे हात स्पष्ट दिसतील अशीच घ्यावी.

कलाकार निवडण्याची मोकळीक असेल, तर जयपूर-अत्रौली घराण्याचे गाणे निवडावे. या घराण्यात बडा ख्याल, म्हणजे रागाची सुरुवातीची संथ बंदिश, बहुधा तीनतालात आणि इतरांच्या मानाने चढ्या लयीत गातात, त्यामुळे सम लवकर लवकर भेटते आणि लयीशी चाललेला खेळ ऐकणाऱ्याच्या ध्यानात येतो. शिवाय हे घराणे गोमंतकीयांना परके नाही, कारण घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांच्या शिष्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या दोघीही इथल्याच.

यातूनच दिवसाची वाटही ठरते. सकाळी साखळीहून निघून फोंडा तालुक्यातील केरी गाठावे. (सत्तरीतली आणि पेडण्यातली केरी वेगळी, नातेवाइकांना रस्ता विचारताना हा घोळ हमखास होतो.) १८९२ साली केसरबाईंचा जन्म इथला. गावात विजयादुर्गेचे देऊळ आहे. दर्शन घेऊन तिथे थोडा वेळ निवांत बसता येईल. जाताना गाडीत केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी लावावी. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेलेले हे ध्वनिमुद्रण जेमतेम साडेतीन मिनिटांचे आहे, तेव्हा कंटाळा येण्याआधीच ते संपते, आणि भैरवी सकाळचा राग असल्याने वेळही साधते. त्यावर भाष्य मात्र करू नये. त्यांनी काही विचारले, तर तेवढ्याचेच उत्तर द्यावे.

दुपारच्या जेवणाबाबत मी थोडी कडक आहे. सणाच्या दिवशी हुमण-भातावर आडवा हात मारून संध्याकाळी आलाप ऐकायला बसलेला गोंयकार पहिल्या दहा मिनिटांत पेंगतो, आणि मग दोष गायकाच्या माथी येतो. जेवण हलके ठेवावे, आणि वाटेवर कुणा नातेवाइकाचे घर असेल तर तिथे तासभर पाठ टेकावी. मंगेशी वाटेवरच आहे. दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी यांचे हे गाव, पण त्या दिवशी देवदर्शनापुरतेच थांबावे. एका दिवसात चार देवळे आणि तीन गावे उरकायला गेलात, तर मैफलीला थकलेली माणसे पोहोचतील.

कला अकादमीत अर्धा तास आधी पोहोचावे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली ही वास्तू मांडवीच्या काठावर आहे, त्यामुळे तो वेळ नदीकडेने फिरण्यात सहज जातो.

एकाहून अधिक कलाकार असतील, तर पहिल्या गायनापुरतेच थांबायचे, असे दोघांनी आधीच ठरवून टाकावे. मध्यंतरानंतर थांबायची इच्छा त्यांनी स्वतः बोलून दाखवली तर उत्तमच, नाहीतर कुरकुर न करता निघावे. मधेच उठण्याची वेळ आली, तर दोन रागांच्या मधल्या अवकाशात उठावे, चालू आलापात नव्हे. परतीच्या वाटेवर ‘आवडले का?’ असे विचारू नका. समा किती सापडल्या ते विचारा.