डाइंग युनिटमध्ये कोणाच्या श्वासात काय जातं, याची नोंद कशी ठेवायची?

तुम्ही विचारलंय की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या डाइंग युनिटमध्ये कामगारांचा कोणत्या रसायनाशी किती संपर्क येतो, याची नोंद ठेवायला एक्सेल पुरेल का. पुरेल. मी सोलापुरातच कापड युनिट्सच्या सुरक्षेचं काम बघतो. घोळ बहुतेकदा आकड्याशेजारी काय लिहिलं नाही, यातून होतो.

आधी रंग तोलतात तिथे थोडा वेळ उभे राहा. रिॲक्टिव्ह रंगाच्या डब्यात चमचा गेला की बारीक भुकटी उडते. ती श्वासात जाऊन काहींना दमा जडतो. हायड्रोच्या (सोडियम हायड्रोसल्फाइटच्या) ड्रमला ओल लागली तर सल्फर डायऑक्साइड सुटतो. दोन्ही प्रकार काही मिनिटांचे, पण खोलीच्या मधोमध यंत्र ठेवून दिवसभराची सरासरी काढली की ते दिसतच नाहीत. म्हणून हवेचा नमुना ओढणारा छोटा पंप कामगाराच्या कमरेला, त्याचा फिल्टर कॉलरपाशी, आणि तोलाईचं मोजमाप वेगळं घ्या.

प्रत्येक नमुन्यापुढे कामगार क्रमांक हवाच. नुसतं नाव नको, आपल्याकडे एकाच नावाचे दोघे-तिघे सहज निघतात. शिवाय नेमकं काम, सुरू-बंद वेळ, पंपाचा प्रवाह आधी किती नि नंतर किती, मास्क होता का, एक्झॉस्ट चालू होता का. रसायनाचं व्यापारी नाव सप्लायरगणिक बदलतं, म्हणून कॅस क्रमांकही टाका, म्हणजे त्या रसायनाचा जगभर एकच असलेला ओळख क्रमांक. प्रयोगशाळेने ‘आढळलं नाही’ म्हटलं तर शून्य लिहू नका. त्यांचं यंत्र किमान किती पकडतं, तो आकडा मागून घ्या.

हवेत रसायन किती चालतं, याच्या बहुतेक मर्यादा 8 तासांच्या सरासरीच्या असतात. तुमची पाळी 12 तासांची असेल तर ब्रीफ-स्काला पद्धतीने (लांब पाळीसाठी मर्यादा कमी करायचं सूत्र) ती मर्यादा निम्मी होते. हे फार लोक विसरतात आणि अहवाल उगाच ‘सुरक्षित’ येतो.

वैद्यकीय कागद वेगळ्या कुलपात ठेवा, पण त्याच क्रमांकाने जोडता यायला हवेत. भोपाळनंतर, 1987 साली, कारखाने कायद्यात आलेल्या कलम 41-सी मध्ये अशा कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवायला आणि कामगाराला बघू द्यायला सांगितलं होतं. अमेरिकेत संपर्काच्या नोंदी किमान 30 वर्षं जपाव्या लागतात. तुम्हीही जपा, कामगार सोडून गेला तरी.

आणि निकाल आला की फाइलला लावण्याआधी तो त्या माणसाला समजावून सांगा. मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, जे त्याला कळतं त्यात.