बटाट्यातील विषाणूरोगांची पाहणी: तुमचे प्रश्न

पाहणीबद्दलच्या पत्रांतला गोंधळ दर हंगामात तोच असतो. म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न: पाने वर वळली म्हणजे विषाणूच ना?
उत्तर: नाही. साचलेले पाणी, खोडकूज किंवा उडून आलेले तणनाशक यांनीही पाने वळतात. आधी खालची पाने वळून चामड्यासारखी कडक झाली आणि हात लावताच करकरली, तर बेण्यातून आलेल्या पानगुंडाळी विषाणूचा संशय घ्या. खात्री प्रयोगशाळेतच होईल.

प्रश्न: पाहणी कोणत्या उजेडात करावी?
उत्तर: ढगाळ. ऊन असेल तर झाडावर आपली सावली पाडून पाहा, नाहीतर फिकट मोझॅक, म्हणजे विषाणूने पानांवर उमटलेले फिकट-गडद चट्टे, नजरेतून सुटतो.

प्रश्न: विक्रेत्याने विषाणू मारणारे औषध दिले आहे. फवारू का?
उत्तर: झाडात शिरलेला विषाणू मारणारे फवारणीचे औषध नाही. असे सांगून बाटली विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. विषाणू पसरवणारी मावा ही रसशोषक कीड मारली की झाले, हेही अर्धेच खरे. पानगुंडाळी विषाणू पसरवायला माव्याला काही तास रस शोषावा लागतो, त्यामुळे तिथे कीटकनाशकाचा उपयोग होतो. वाय नावाचा दुसरा विषाणू मात्र मावा सोंड टोचताच काही सेकंदांत देतो, मरतो नंतर. खनिज तेलाच्या फवाऱ्याने तो प्रसार कमी होतो, पण मात्रा तज्ज्ञाला विचारूनच ठरवा.

प्रश्न: १०० झाडे पाहिली, एकही रोगट नाही. शेत बेण्यासाठी स्वच्छ समजू?
उत्तर: हाच समज मला सर्वांत जास्त छळतो. शेतात शेकडा १ झाड रोगट असेल, तर कुठलाही कल न ठेवता निवडलेल्या १०० झाडांत एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. आणि तुम्ही झाडे निवडली कशी? बहुतेक जण बांधालगतच्या दोन सरी चालतात. शेत नागमोडी फिरा, ठरावीक पावलांवर जे झाड येईल तेच पाहा. डोळ्यात भरलेली झाडे मोजाल तर आकडा फुगतो, टाळाल तर घटतो. सरी पानांनी झाकण्याआधी पहिली फेरी झालीच पाहिजे, पुढे रोगट झाड शेजारच्या पाल्याखाली दडते. एवढे करूनही हंगामाच्या शेवटी झालेली लागण पानांवर दिसत नाही. विषाणू गुपचूप कंदात उतरतो आणि पुढच्या लागवडीत उगवतो. म्हणून काढणीनंतर कंदांचे नमुने तपासून घ्या. किती कंद घ्यायचे, हे बेणे प्रमाणीकरण अधिकाऱ्याला विचारा.

प्रश्न: रोगट झाड उपटून सरीतच टाकले तर?
उत्तर: नको. कंदांसकट काढा, पिशवीत बांधून शेताबाहेर न्या. एक्स नावाचा आणखी एक विषाणू हात, कपडे आणि अवजारांच्या स्पर्शानेही पसरतो, त्यामुळे रोगट पट्ट्यात सर्वांत शेवटी जा.

प्रश्न: अहवाल यायला वेळ आहे, तोवर बेणे विकू का?
उत्तर: नाही.