नव्या वॅगनआरची सवय : आधी फाटक मोजा, क्लेमचे नंतर पाहा

नमस्कार. आपण पोस्टमध्ये लिहिले आहे की, 2012 ची वॅगनआर इतकी वर्षे वापरून विकली, त्याच नावाची नवी घेतली, आणि तीन आठवडे झाले तरी ती आपली वाटत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होते, ऐंशीच्या पुढे गेले की गाडी आवाज करू लागते, आणि परवा घरात घेताना मागचा डावा दरवाजा खांबाला घासला. वर्कशॉपवाले म्हणतात विम्याचा क्लेम करा. करू का, असा आपला शेवटचा प्रश्न आहे. तो वाचल्यावर मला गप्प बसवेना, कारण 2022 च्या दिवाळीत गाडी घेतल्यानंतर पंधरा-वीस दिवसांत माझ्याही गाडीचा तोच दरवाजा तसाच घासला होता आणि मलाही तोच सल्ला मिळाला होता.

मी मेकॅनिक नाही आणि विम्याचा जाणकारही नाही. सोलापूरच्या साखर पेठेत राहतो, चादरी-टॉवेलचे छोटे दुकान आहे, आणि दोन्ही वॅगनआर मीच चालवल्या आहेत. एवढ्याच अधिकाराने लिहीत आहे. क्लच कुठे पकडतो, गिअर कसे पडतात, आरसे कसे लावायचे, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. आठवडाभरात पायाला ते आपोआप कळते.

हाताला आणि नजरेला मात्र वेळ लागतो, आणि त्याचे कारण साधे आहे. आपली जुनी वॅगनआर 2010 मध्ये बाजारात आलेल्या मॉडेलची, ती 1,495 मिलिमीटर रुंद होती. 2019 मध्ये आलेल्या मॉडेलची नवी 1,620 मिलिमीटर आहे. म्हणजे तब्बल 125 मिलिमीटरची, सुमारे पाच इंचांची वाढ. लांबी फार वाढलेली नाही, उंची तर थोडी कमीच झाली आहे, बसण्याची पद्धत तीच उंच खुर्चीसारखी आहे, त्यामुळे आत बसल्यावर आपण जुन्याच गाडीत आहोत असे वाटते आणि दहा वर्षांच्या सवयीने हात जुन्याच अंदाजाने स्टिअरिंग फिरवतो. शोरूममध्ये कोणी हे सांगत नाही. तिथे आतली ऐसपैस जागा दाखवतात. ती जागा बाहेरच्या रुंदीतूनच आली आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

आमच्या फाटकाच्या दोन खांबांमधील अंतर सहा फूट, म्हणजे साधारण 1,830 मिलिमीटर आहे. जुनी गाडी मधोमध घेतली की दोन्ही बाजूंना साडेसहा इंच मोकळे राहत. नवीला जेमतेम चार इंच राहतात, आणि तेही आरसे मिटवले तर. त्या दिवशी दुकान बंद करून रात्री नऊच्या सुमारास आलो, आरसे मिटवले, नेहमीप्रमाणे गल्लीतून डावीकडे वळलो आणि नेहमीच्याच जागी स्टिअरिंग सरळ केले. पुढचा भाग व्यवस्थित आत गेला. मग मागून एक लांब, कोरडा आवाज आला, पाटीवर खिळा ओढल्यासारखा. खाली उतरून पाहिले तर शहाबादी फरशी लावलेल्या खांबाच्या कडेने दरवाजाच्या खालच्या अंगाला आणि मागच्या चाकाच्या कमानीला हातभर लांबीची ओळ ओढली होती. पत्रा एका ठिकाणी आत गेला होता. वडील ओट्यावर उभे होते, ते काही बोलले नाहीत.

घासणे ही माझी मोठी चूक नव्हती. मोठी चूक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली आणि तीच आपल्याकडून होऊ नये, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझरने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सांगितले की, तुमची झीरो डेप्रिसिएशन (भागांची घसारा-कपात न करणारी) पॉलिसी आहे, खिशातून फार काही जाणार नाही, इथे सही करा. मी सही केली. डेंटिंग-पेंटिंगचे बिल 7,400 रुपये झाले, त्यातले सक्तीच्या वजावटीचे, म्हणजे क्लेममध्ये मालकाने स्वतः भरायचेच असतात ते, 1,000 रुपये मी भरले, म्हणजे विम्यातून 6,400 रुपये मिळाले. मला कोणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही, की या एका सहीने माझा नो क्लेम बोनस शून्यावर येणार आहे.

हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग क्लेम न केल्यास तो 20, 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षी 50 टक्क्यांपर्यंत जातो, आणि विम्याच्या हप्त्यातील स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्यावर तेवढी सूट मिळते. जुनी गाडी विकताना मी विमा कंपनीकडून बोनसचे पत्र घेऊन ही 50 टक्के सूट नव्या गाडीवर आणली होती. अकरा वर्षे सांभाळून गाडी चालवल्याची ती कमाई होती. क्लेमनंतरच्या नूतनीकरणाला ती शून्य झाली, आणि पुन्हा 20 पासून पायऱ्या चढणे आले. माझ्या हप्त्याचा तो भाग सवलतीपूर्वी दहा हजारांच्या आसपास होता. तो तेवढाच राहील असे धरले, तर पहिल्या वर्षी 50 टक्के, मग 30, 25, 15 आणि 5 टक्के असे मिळून एकूण सव्वाशे टक्के, म्हणजे साडेबारा हजार रुपये जास्त जातात. गाडीची विम्यातील किंमत दरवर्षी उतरत असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरेल, हे मान्य. तरीही 6,400 मिळवण्यासाठी जवळपास दुप्पट गमावले, हा हिशेब बदलत नाही. काही पॉलिसींमध्ये बोनस वाचवणारी वेगळी जोड असते. आपल्या पॉलिसीत ती आहे का, हे सही करण्यापूर्वी वाचून पाहा.

चौथ्या दिवशी दुकानाचे हिशेब पाहणाऱ्या स्नेह्यांनी हे गणित समजावले, तेव्हा बिलाचे पैसे अजून चुकते झाले नव्हते. मी लगेच विमा कार्यालयात गेलो आणि क्लेम मागे घेतो, पूर्ण बिल मीच भरतो, असे सांगितले. तिथून उत्तर मिळाले की, वर्कशॉपकडून पत्र आणा. वर्कशॉपने सांगितले की, पत्र विमा कार्यालयाने मागितले पाहिजे. मी पुन्हा गेलो तर संबंधित व्यक्ती रजेवर होती आणि शेजारच्या टेबलावरील माणसाला माझा अर्ज हातात घेण्याचीही इच्छा नव्हती. तिसऱ्या खेपेला कळले की, पैसे वर्कशॉपच्या खात्यात जमा झाले, आता काही होऊ शकत नाही. दुकान बंद ठेवून मारलेल्या त्या तीन खेपा मला त्या पैशांपेक्षा जास्त लागल्या आहेत. स्वतःचा पैसा स्वतः भरायला तयार असलेल्या माणसाला एक साधा अर्ज स्वीकारून पोच द्यायला काय हरकत होती, हे मला आजही समजलेले नाही. अशी वेळ आलीच, तर तोंडी बोलू नका. पहिल्याच दिवशी ई-मेल करा आणि त्याची प्रत वर्कशॉपलाही पाठवा.

आपल्या पोस्टमध्ये एक गोष्ट दिसली नाही, म्हणून विचारतो : जुनी गाडी विकताना बोनसचे पत्र घेतले होते का? नसेल तर आजच जुन्या विमा कंपनीकडे मागा. विक्रीचा पुरावा लागतो, आणि ते पत्र तीन वर्षे चालते. शोरूममधील विम्याच्या टेबलावर हा विषय स्वतःहून कोणी काढत नाही, हा माझा अनुभव आहे. सगळीकडे तसेच असेल असे मी म्हणत नाही.

आता सवयीबद्दल. मी होम मैदानाच्या कडेला रविवारी सकाळी सहा वाजता तेलाचे दोन रिकामे डबे बरोबर सहा फुटांवर ठेवले आणि त्यांच्यामधून गाडी पुढे-मागे नेली, आधी सरळ आणि मग गल्लीतून वळावे तशी वळून. चार रविवार, प्रत्येकी वीस मिनिटे. (गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, जुळे सोलापूरकडे मोकळे प्लॉट मिळतात.) त्याशिवाय डावे चाक ज्या रेषेवरून जाते, त्या रेषेवर समोरच्या काचेच्या तळाशी बोटभर पिवळी टेप लावली. दोन महिन्यांनी ती काढली, कारण नजर तयार झाली होती. रिव्हर्स सेन्सरवर विसंबून राहू नका; ते मागच्या बंपरमध्ये असतात, दरवाजाला घासणारा खांब त्यांना दिसत नाही.

सिग्नलला इंजिन बंद होणे हा बिघाड नाही. गाडी न्यूट्रलला टाकून क्लच सोडला की ते बंद होते आणि क्लच दाबला की सुरू होते. इंधन वाचावे हा त्यामागचा हेतू असला, तरी एप्रिल-मे महिन्यांत सात रस्त्याच्या सिग्नलला पारा चाळिशीपार असताना इंजिनाबरोबर एसीचा कॉम्प्रेसरही थांबतो, आणि मागे बसलेल्या वृद्धांचे हाल होतात. म्हणून उन्हाळ्यात मी गाडी सुरू केल्याबरोबर डॅशबोर्डवरचे त्याचे बटण दाबून ते बंद करतो. प्रत्येक वेळी नव्याने दाबावे लागते. ते कायमचे बंद करून देतो म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनच्या हाती वायरिंग देऊ नका. तसेच बॅटरी बदलण्याची वेळ आली की, वारंवार स्टार्ट होणाऱ्या गाडीसाठीची खास बॅटरीच घ्या, स्वस्तातली साधी चालवून घेऊ नका.

ऐंशीच्या पुढचा आवाज जुलै 2019 पासून सर्व नव्या कारना सक्तीचा आहे. ऐंशी ओलांडल्यावर तो अधूनमधून येतो आणि एकशेवीसनंतर अखंड. पुण्याच्या रस्त्यावर सुरुवातीला माझ्या वडिलांना तो खटकत असे. आता आवाज आला की ते मलाच वेग कमी करायला सांगतात, आणि मला ते पटते. ही गाडी जुनीपेक्षा मोठी असूनही वजनाने हलकी आहे, उंच बांध्याची आहे, आणि गाड्यांची अपघात-सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या 2023 मधील कठोर चाचणीत तिला प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला आहे. ऐंशी-नव्वदच्या पुढे ती नेऊ नये, हे माझे ठाम मत आहे. टाकीही 35 ऐवजी 32 लिटरची आहे, तेव्हा जुन्या हिशेबाने पुढच्या पंपाची वाट पाहू नका.

ही गाडी परकी राहणार नाही, एवढे मात्र मी खात्रीने सांगू शकतो. जुनीच्या 180 लिटरच्या डिकीत चादरींचा एक गठ्ठा कसाबसा मावत असे; हिच्या 341 लिटरच्या डिकीत दोन सहज बसतात आणि मागची सीट पाडावी लागत नाही. तुळजापूरच्या घाटात माझे 1.2 लिटरचे इंजिन चार माणसे घेऊन तिसऱ्या गिअरवर चढते, जिथे जुनीला दुसरा टाकावा लागे. आणि वडील आजही गुडघे न वाकवता सरळ सीटवर बसतात, ज्यासाठी आम्ही दोन्ही वेळा हीच गाडी घेतली.

आपले ओरखडे पत्रा न फाटता आले असतील, तर बाहेरच्या चांगल्या पेंटरकडून आधी अंदाज घ्या आणि तो आकडा वरच्या हिशेबाशी ताडून पाहा. तोवर कुठेही सही करू नका. आणि फाटक मोजा. आमच्याकडे खांब मागे सरकवणे शक्य नव्हते, म्हणून गवंडी बोलावून शहाबादीची धारदार कड जमिनीपासून तीन फुटांपर्यंत गोल करून घेतली आणि त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली. अर्ध्या दिवसाचे काम होते.