क्लच बदलण्याआधी लो रेंज लावून पाहिलीत का?

पावसाळा लागला की गाड्या मावळ-मुळशीच्या चिखलात जातात आणि पाठोपाठ क्लचचे प्रश्न येऊ लागतात. बरेचसे तेच ते. त्यांतले पाच इथे घेतो. (लो रेंज म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह गाडीतलं कमी वेगाचं, जास्त ताकदीचं गिअरिंग.)

माझी जिम्नी मॅन्युअल आहे. आठवडाभर हिंजवडीचं ट्रॅफिक, शनिवार-रविवार ऑफरोड. दुकानदार म्हणतो, क्लचची सिरॅमिक प्लेट टाका, परत बघायला नको.

हे तो बिलावर लिहून देतो का, आधी विचारा. सिरॅमिक प्लेट जास्त उष्णता सोसते, हे खरं. पण ती हळुवार पकडत नाही. हिंजवडीच्या रांगेत फूट-फूट सरकताना गाडी हादरेल आणि फ्लायव्हील, म्हणजे प्लेट जिला पकडते ती इंजिनाची जड चकती, खाल्लं जाईल. दगडांवरून चढतानाही झटक्याने पकडणारा क्लच काय कामाचा? चाक जागीच फिरतं. सोबत ती प्लेट दाबून धरणारी कडक प्रेशर प्लेट आली तर डावा गुडघा बोलू लागेल तो वेगळाच. इंजिनाची ताकद वाढवलेली नसेल तर कंपनीच्या प्रतीचा, हळुवार पकडणारा ऑर्गॅनिक सेट घ्या. रिमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातून ताकद वाढवणं, केलं असेल तर टॉर्कचा आकडा घेऊन क्लच बनवणाऱ्यांच्या तंत्रज्ञाशी बोला. खोक्यावर ‘हेवी ड्यूटी’ कोणीही छापतं.

क्लच किती किलोमीटर टिकायला हवा?

ते चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला विचारा.

नुसती प्लेट बदलली तर चालेल का? बाकी सगळं चांगलं आहे म्हणतात.

नको. मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याची असते, ती दोनदा कशाला भरता? प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकदमच बदला. गिअरबॉक्स खाली असताना स्वतः जाऊन फ्लायव्हील बघा. निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर तसंच बसवू देऊ नका. ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील असेल तर सरसकट घासून घ्यायला लेथवर पाठवू नका. त्याचा खेळ मोजून घ्यावा लागतो. ते माप कंपनीच्या पुस्तकात असतं, म्हणून हे काम माहितगाराकडेच द्या.

जुन्या थारला २९ ऐवजी ३२ इंची टायर टाकलेत. आंबोलीकडच्या कच्च्या चढावर क्लचचा वास येतो. फोर व्हील लावूनही तेच. ग्रुपवर सगळे म्हणतात, क्लच कमजोर आहे, मोठा टाका.

ग्रुपवरच्या एकाने तरी विचारलं का, फोर व्हील म्हणजे कुठलं? हाय की लो? फोर-हायमध्ये ताकद चारही चाकांना वाटली जाते, वाढत नाही. पहिल्या गिअरमध्ये आयडलवर, म्हणजे अॅक्सिलरेटर न देता, गाडी ताशी सातेक किलोमीटरने जाते. मोठ्या टायरने गिअरिंग आणखी दहा टक्के उंच केलं. दगडांवर तुम्हाला हवा असतो दोन-तीनचा वेग. मधला फरक कोण भरून काढतो? अर्ध्या क्लचवर घासणारी प्लेट. ते सगळं घर्षण उष्णता होऊन बाहेर पडतं, तोच तुमचा वास. लो रेंज लावली की गिअरिंग जवळजवळ अडीचपट खाली येतं. मग क्लच पूर्ण सोडा, पाय फुटरेस्टवर ठेवा, गाडी आपली चढते. लो लावणं म्हणजे कमीपणा, असं का वाटतं लोकांना, देव जाणे! ज्याचे पैसे मोजले तो लिव्हर वर्षभर न हलवता क्लचला शिव्या देणारे मी रोज बघतो. फक्त कोरड्या डांबरावर वळताना चारही चाकं जोडून ठेवू नका.

आता मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये एकदाच पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचे फेरे चढले आणि वेग जागेवरच राहिला, तर प्लेट गेली. पुन्हा पुन्हा करून बघू नका, गॅरेज गाठा. प्लेट शाबूत असेल तर मोठ्या क्लचचे पैसे एक्सलमधल्या डिफरन्शियलचे दात बदलून गिअरिंग खाली आणण्यात घाला. तेही टायरचं माप सांगून, जाणकाराला विचारूनच.

ओढा ओलांडून आल्यावर गाडी आठ दिवस उभी होती. आता क्लच दाबूनही गिअर पडत नाही. गिअरमध्ये टाकून सेल्फ मारा, सुटेल, असा एक रील पाहिला.

रील बंद करा. क्लच ज्यात बसतो त्या बेल हाउसिंगमध्ये पाणी जाऊन प्लेट गंजाने फ्लायव्हीलला चिकटली असावी. पण क्लचचं ऑइल गळालं तरी लक्षण हेच दिसतं, म्हणून आधी ते तपासा. सेल्फच्या झटक्याने गाडी उडी मारते, समोर भिंत असो वा माणूस. आठ दिवस वाया घालवलेच आहेत, आज टो करून न्या.