दोन रांजण

प्रिय मित्रा,

तुझे पत्र तीन दिवस उशाशी आहे. वंशभेद भांडवलशाहीने जन्माला घातला असेल, तर वर्गविषमता मिटताच तोही मिटेल, मग त्याच्याविरुद्ध वेगळे कशाला लढायचे, असे तू विचारतोस. हाच प्रश्न मीही तुझ्याच वयात, आपल्याकडच्या जातीच्या बाबतीत, सोडवून टाकला होता, आणि चुकीचा सोडवला होता.

१९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातल्या एका खडीच्या कामावर मी मजुरांची संघटना बांधत होतो. मजुरी सर्वांना सारखी होती, पाण्याचे रांजण मात्र दोन होते. दलित वस्तीतल्या एका बाईंनी त्यावरून मला हटकले, तेव्हा मी म्हणालो, "आधी मजुरीचे पाहू, रांजणाचे नंतर." मजुरी वाढली, रांजण दोनच राहिले. पुढे १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा जाळणाऱ्यांत आमच्या संघटनेची वर्गणी भरणारेही होते.

म्हणून या प्रश्नात 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द वापरू नकोस.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीचा दाखला तू दिलास, पण अर्धाच. १६७६ मध्ये नॅथॅनियल बेकनने तिथल्या गव्हर्नरविरुद्ध केलेल्या बंडात करारबद्ध गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले आणि राजधानी जेम्सटाउन जाळली गेली. (ते बंड मूळ रहिवाशांच्या जिवावर उठलेले होते, हेही विसरू नकोस.) पुढे १७०५ च्या कायद्याने मुदत संपलेल्या गोऱ्या नोकराला दहा बुशेल मका, तीस शिलिंग आणि एक बंदूक देऊ केली, तर गोऱ्यावर हात उगारणाऱ्या काळ्याला तीस फटके. त्यात मळेवाल्यांचे हित होते, हे तुझे म्हणणे खरे. परंतु बंदूक हाती आल्यावर गरीब गोऱ्यालाही गोरेपण ही आपली मिळकत वाटू लागली, आणि मिळकत कोणी सुखासुखी सोडत नाही. 'नंतर' उजाडत नाही, तो यामुळे.

जात तर भांडवलशाहीहून कितीतरी जुनी. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू एकत्रच सांगितले. अस्पृश्याला हमालाची जागाही मिळत नाही, कारण स्टेशन मास्तर हमालाकडून घरकाम करून घेतो, हे त्यांनी तिथेच दाखवून दिले. कोणत्या हाताला कोणते काम आणि किती पैसे, हे जातच ठरवत होती. मनमाड आमच्या मराठवाड्याच्या वेशीवर. तरी ते भाषण मी फार उशिरा वाचले, याची मला लाज वाटते.

आम्ही भित्रे नव्हतो, एवढे मात्र ऐकून घे. त्या वाढलेल्या मजुरीवर किती चुली पेटल्या, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. रांजणाचा विषय काढला असता तर एकजूट फुटली असती, असे अजूनही वाटते. पण ती फुटलीच, सहा वर्षांनी, आणि किंमत त्या बाईंच्या वस्तीने मोजली.

तू ऊसतोडीच्या घरातला आहेस. या हंगामात आईवडिलांच्या फडावर जाशील तेव्हा टोळीच्या मुकादमाने कोणत्या कोयत्याला, म्हणजे कोणत्या जोडप्याला, किती आगाऊ उचल दिली ते लिहून घे, आणि कोणाची राहायची कोपी पाण्यापासून किती लांब आहे, तेही त्याच वहीत लिही. दोन वह्या करू नकोस. परत आलास की ती घेऊन सरळ माझ्याकडे ये.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता